दुखत नाही म्हणून...

कर्करोग म्हटला की तोंडाचा, घशाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग आपल्या डोळ्यांपुढे येतो. कातडीलाही कर्करोग होतो हे पुष्कळांच्या गावीही नसते. ज्यांना ठाऊक असते, ते "तो गोऱ्या लोकांचा रोग" म्हणून मोकळे होतात. यात निम्मेच सत्य आहे. आपल्या कातडीतील मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हातील अतिनील किरणांपासून आपले रक्षण करते. त्यामुळे ऑस्ट्रेलिया-युरोपच्या मानाने हा रोग आपल्याकडे कमी आढळतो. परंतु ऊन हे त्याचे एकमेव कारण नव्हे.

काश्मीरमध्ये थंडीत अंगाशी निखाऱ्यांची कांगडी धरतात. वर्षानुवर्षे शेक लागून काहींच्या पोटाच्या व मांडीच्या कातडीला कर्करोग होतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकाऱ्यासह १९४५ साली धोतराच्या काचाने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. पुढे परकराच्या घट्ट नाडीमुळे स्त्रियांतही तो आढळला. रोज त्याच जागी नाडी काचते, कातडी काळवंडते, खाज सुटते, भेगा पडतात. बहुतेकींचे तेवढ्यावरच थांबते. क्वचित एखादीची जखम वर्षानुवर्षे चिघळते आणि तिचा कर्करोग होतो.

माझ्या आईच्या कमरेवर असा काळा पट्टा आहे. आमच्या गल्लीतल्या बहुतेक बायकांच्या आहे. "बाईच्या जातीला हे असायचंच," असे त्या म्हणतात. नाडी सैल बांधावी, तिच्याजागी रुंद पट्टी लावावी, एवढा साधा उपायही त्यांना कोणी सांगितलेला नसतो.

महिनाभरात न भरणारी जखम, भाजल्याच्या जुन्या व्रणावर नव्याने फुटलेले क्षत, वाढणारा किंवा रंग बदलणारा तीळ, तळपायावर वा नखाखाली उमटलेला काळा डाग, यांपैकी काही दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. गायक बॉब मार्ले यांचा कर्करोग पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच सुरू झाला होता. १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले.

तपासणी अवघड नाही. जागा बधिर करून लहानसा तुकडा काढतात व सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रोग लवकर कळला, तर तेवढा भाग कापून काढल्याने बहुधा भागते. उशीर झाल्यास तो जांघेतील किंवा काखेतील गाठींत पसरतो.

खरी अडचण अशी, की हा रोग सुरुवातीला फारसा दुखत नाही. आणि आपल्या घरांत तर दुखल्याशिवाय, मजुरी बुडवून दवाखान्यात कोणी जात नाही. म्हणून हा अंक घरी नेल्यावर, ज्यांना वाचता येत नाही त्यांना एवढे एक पान वाचून दाखवावे.