नवे स्पीकर घेण्याआधी जुने जरा सरकवून बघा

रात्री शटर ओढून दुकानाची रील एडिट करायला बसलं की म्युझिकचा ठेका घुमायला लागतो, शोकेसची काच थरथरते, आणि आपलं बोलणं त्यात बुडतं. मग आपण बेस कमी करतो. सकाळी तीच रील मोबाईलवर ऐकली तर सगळं पातळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. आता बरेच जण थेट नवे स्पीकर बघायला लागतात. थांबा, आधी एक टेस्ट करा.

बेस असलेलं गाणं लावा आणि चालू स्पीकर हातात उचलून धरा. घुमणं एकदम कमी झालं? म्हणजे तुमचा पोकळ प्लायवूडचा काउंटरच ढोलासारखा वाजतोय. स्पीकरखाली जाड रबराचे तुकडे ठेवा. काच आणि ड्रॉवर बोटाने दाबून बघा, खडखड कुठली ते लगेच कळतं.

उचलूनही फरक पडला नाही तर मामला गाळ्याचा आहे. समजा गाळा ८ बाय १० फुटांचा. ८ फूट म्हणजे साधारण २.४४ मीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ३४३ ला या रुंदीच्या दुपटीने भागलं की येतात ७० हर्ट्झ. हा सूर दोन भिंतींमध्ये अडकतो आणि फुगतो. लांबीचं गणित केलं तर ५६ येतं. दिवसा शटर उघडं असताना हा लांबीचा त्रास बराच कमी असतो, बंद केलं की सुरू. म्हणून रात्री जास्त घुमतं.

हा फुगवटा भिंतीजवळ सगळ्यात जास्त आणि मध्यावर सगळ्यात कमी ऐकू येतो. आणि आपण दुकानदार बसतो कुठे? भिंतीला पाठ टेकून! खुर्ची दोन फूट पुढे घ्या, ऐकून बघा. स्पीकरही कोपऱ्यातून बाहेर काढा, विशेषतः मागच्या बाजूला भोक असलेले. २.१ सेट असेल तर सबवूफर हमखास काउंटरखाली कोपऱ्यात कोंबलेला असतो. बेस फुगवायला याहून चांगली जागा नाही. तो ओढा आणि त्याचं बेसचं बटण निम्म्यावर आणा.

फोमच्या शीट चिकटवायचा खर्च यासाठी करू नका. ७० हर्ट्झची लाट जवळपास १६ फूट लांब असते, दोन इंची फोम तिला काय अडवणार? अंड्याच्या ट्रेचं तर नावच नको. फोमने बोलण्याचा प्रतिध्वनी कमी होतो, तो फायदा वेगळा. कापडाचं किंवा गाद्यांचं दुकान असेल तर मात्र तुम्ही नशीबवान, जाड गठ्ठे कोपऱ्यात रचा, थोडा फरक पडतो.

एवढं करूनही घुमत असेल तर इक्वलायझर. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतं. त्यात ७० च्या आसपास अरुंद पट्टा ४ ते ६ डेसिबल खाली घ्या. आकडा तुमच्या गाळ्याच्या मापाने काढा, माझा कॉपी करू नका. आणि हे सेटिंग कॉम्प्युटरच्या आउटपुटला लावायचं, एडिटिंगच्या टाइमलाइनला नाही. नाहीतर गाळ्याचा दोष रीलमध्ये उतरतो आणि ग्राहकाच्या फोनवर पुन्हा तोच पत्र्याचा डबा. अपलोड करण्याआधी एकदा हेडफोनवर आणि एकदा साध्या मोबाईलवर ऐका.