चार पिस्टन, एक वजन

गाडीचं 'इंजिन काम' निघालं, हे ऐकलं की गाडीमालकाच्या पोटात गोळा येतो. पेण ते रोहा हा पट्टा तर गाड्यांवरच जगणारा. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती टेम्पोत चढतात, रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत मालाची ये-जा चालू असते, आणि एसटीच्या रायगड विभागाचं मुख्यालयही पेणलाच, रामवाडीत आहे. साहजिकच इथे इंजिन उघडणारे हात पुष्कळ. तरीही एक तक्रार नेहमी कानावर येते : 'भाग नवे घातले, कंपनीचेच घातले, मग इंजिन पुन्हा का उघडावं लागलं?' कारणं अनेक असतात. त्यांतलं एक मात्र बिलात कधीच दिसत नाही. ते म्हणजे भागांचा एकमेकांशी मेळ. आज त्याविषयीच थोडं बोलू या.

आधी हे भाग कोणते ते पाहू. सायकल चालवताना आपला गुडघा वर-खाली होतो आणि पायडल मात्र गोल फिरतं. वर-खाली होणाऱ्या हालचालीचं गोल फिरण्यात रूपांतर करते ती आपली नडगी. इंजिनात तिचं काम कनेक्टिंग रॉड करतो. पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली होतो, खाली क्रँक गोल फिरतो, आणि दोघांना जोडणारा हा दांडा. पिस्टन आणि रॉड यांच्यामधला सांधा म्हणजे गजन पिन. ही एक पोकळ, गुळगुळीत, पोलादी नळी असते. दिसायला बोटभर, पण प्रत्येक स्फोटाचा सगळा जोर तिच्यातूनच खाली जातो.

आता थोडा हिशेब. समजा, पिस्टनची धाव १० सेंटिमीटर आहे आणि इंजिन मिनिटाला २४०० फेरे फिरतंय. म्हणजे सेकंदाला ४० फेरे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन वर एकदा थांबतो, खाली एकदा थांबतो. सेकंदाला ८० वेळा थांबायचं, आणि मधल्या दहा सेंटिमीटरच्या अंतरात ताशी सुमारे ४५ किलोमीटरचा वेग गाठायचा! या धावपळीत वरच्या टोकाला पिस्टनचं वजन त्याच्या मूळ वजनाच्या जवळजवळ चारशे पट असल्यासारखं ओढ देतं. म्हणजे एक पिस्टन दुसऱ्यापेक्षा १० ग्रॅमनं, दोन चमचे साखरेइतका, जड असेल, तर तो फरक चार किलोच्या धक्क्यासारखा बसतो. तोही सेकंदाला ४० वेळा.

चार सिलिंडरच्या साध्या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन एकदम वर जातात, तेव्हा दुसरा आणि तिसरा खाली येतात. तराजूची दोन पारडी म्हणा ना. चौघांचं वजन सारखं असेल तर एका जोडीची ओढ दुसरी जोडी बऱ्याच अंशी मारून टाकते. एकाचं वजन वाढलं की उरलेली ओढ थेट क्रँकवर आणि बेअरिंगवर येते. गाडी थरथरते, नट सैल होतात, बेअरिंग लवकर झिजतात. रोह्यापासून सुरू होणारी कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण खुली झाली, तेव्हापासून तिथे वर्षानुवर्षं गाड्या ओढणाऱ्या मोठ्या डिझेल इंजिनांत सोळा-सोळा सिलिंडर असत. यंत्र केवढंही असो, नियम हाच.

मी मूळचा कवितेचा माणूस. गझल लिहिताना आम्ही 'वजन' हा शब्द रोज वापरतो. शेरातल्या दोन्ही ओळींचं वजन एक लागतं. एखादी मात्रा वाढली तरी म्हणणाऱ्याची जीभ अडखळते. फरक एवढाच, की शेर वजनात नसेल तर फार तर श्रोते उठून जातात. इंजिन वजनात नसेल तर नागोठण्याहून रोह्याला जाताना ते भिसे खिंडीत बसतं आणि उठायचं नाव घेत नाही.

रोह्याच्या एका गॅरेजात मी हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला आहे. गणपतीला तीन आठवडे उरलेले. पेणकडच्या एका तरुणाचा टेम्पो उघडलेला. चारपैकी एकच पिस्टन खरवडला होता. पोरगा काकुळतीला येऊन म्हणाला, "चाचा, तीन चांगले आहेत ना? एकच बदला. हप्ता भरायचाय." उस्ताद म्हणाले, "बदलतो ना. पण आधी तोलतो." त्यांनी जुन्या पिस्टनवरची काजळी साफ केली, कारण ती वजनात धरली तर माप चुकतं. मग प्रत्येक पिस्टन त्याच्या पिनेसकट आणि लॉकसकट काट्यावर ठेवला. नवा पिस्टन १४ ग्रॅमनं जड निघाला. मापाला बरोबर, वजनाला चूक. तो परत पाठवून दुकानातून तोलून दुसरा आणावा लागला. त्यात एक दिवस गेला. पोरगा चुळबुळत होता. पण सीझनमध्ये मूर्ती भरलेला टेम्पो थरथरत नेण्यापेक्षा, किंवा वाटेत बंद पडण्यापेक्षा, एक दिवस स्वस्तच.

कंपनीच्या पेटीत चार पिस्टनचा संच येतो तो सहसा वजन जुळवूनच. घोळ होतो तो सुटे भाग घेताना. सिलिंडर बोअर करून वाढीव मापाचा पिस्टन घातला, तर काही कंपन्या त्याचंही वजन मूळइतकंच ठेवतात, काही ठेवत नाहीत. म्हणून तोलणं चुकत नाही. किती ग्रॅमचा फरक चालेल, हे त्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेलं असतं, तेच खरं.

कनेक्टिंग रॉडचं वजन करणं जरा अवघड. त्याचं वरचं टोक पिस्टनबरोबर वर-खाली होतं आणि खालचं क्रँकबरोबर गोल फिरतं. त्यामुळे दोन रॉडचं एकूण वजन सारखं भरलं तरी काम भागत नाही. दोन्ही टोकं वेगवेगळी जुळावी लागतात. जाणकार मिस्त्री एक टोक टांगून, दांडा आडवा समपातळीत धरून, दुसरं टोक काट्यावर ठेवतो; मग उलट करतो. जड रॉड हलका करायचाच, तर त्यासाठी टोकांना ठेवलेल्या जाड भागातूनच थोडं घासायचं. मधल्या दांड्याला कानस लावायची नाही. तिथे पडलेला ओरखडा पुढे तडा होऊन बसतो.

वजनाचा मेळ झाला सर्व भावंडांमधला. दुसरा मेळ असतो जोडीजोडीतला. गजन पिन आणि तिचं भोक यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतं. डोक्याचा केसही याच्या कितीतरी पट जाड. जिथे पिन रॉडच्या बुशमध्ये सुटी फिरते, तिथे जुने मिस्त्री एक साधी परीक्षा घेतात : तेल लावलेली पिन अंगठ्यानं दाबली की सरकली पाहिजे, पण आपल्या वजनानं खाली पडता कामा नये. सैल असेल तर इंजिन टकटक करतं. घट्ट असेल तर पिस्टन अडकतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, पिन पोलादाची. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून काही पिस्टन गरम करून पिन बसवतात. ती अलगद जाते. हातोडीनं ठोकली तर पिस्टनचा आकारच बिघडतो. पिन आणि पिस्टन जोडीनं येतात. एकाची पिन दुसऱ्याला लावू नये.

तशीच जोडी रॉड आणि त्याच्या खालच्या कॅपची. कारखान्यात दोन्ही एकत्र आवळूनच भोक कोरलेलं असतं. म्हणून दोघांवर एकच नंबर ठोकलेला असतो, आणि बसवताना ते नंबर एका बाजूला यावे लागतात. नव्या काळातल्या काही इंजिनांत तर अखंड रॉड मुद्दाम तोडून कॅप वेगळी करतात. फाटलेल्या नोटेचे दोन तुकडे जसे एकमेकांनाच जुळतात, तशी ती कॅप त्या एकाच रॉडला बसते. सगळ्या कॅप एका डब्यात टाकल्या, की संसारांची अदलाबदल झाली म्हणून समजा.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट जपावी लागते. अंबा आणि कुंडलिका या नद्या पावसाळ्यात रस्त्यावर येतात. साचलेल्या पाण्यातून गाडी दामटली आणि पाणी हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये शिरलं, तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी हवेसारखं आकसत नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. कधी इतका थोडा, की डोळ्याला दिसत नाही. इंजिन पाणी काढून सुरूही होतं, आणि काही दिवसांनी पिस्टन एका बाजूनं झिजायला लागतो. असं इंजिन उघडल्यावर चारही रॉड सरळ आहेत का, हे मापून घ्यायलाच हवं. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी तिथल्या तिथे पुन्हा स्टार्ट करायची नाही, हे तर चालकानं गाठीशी बांधून ठेवावं.

गाडीमालकाला हे सगळं येण्याची गरज नाही. त्यानं तीनच प्रश्न विचारावेत. पिस्टन पिनेसकट तोललेत का? रॉड आणि कॅपचे नंबर पाहून बसवलेत का? रॉड सरळ आहेत का ते तपासलं का? एक ग्रॅमपर्यंत मोजणारा इलेक्ट्रॉनिक काटा आता सहज मिळतो. चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही. उलट, आपल्या न दिसणाऱ्या कामाची कुणी दखल घेतली म्हणून खुलतो. त्याच्या मजुरीत या तोलण्या-मापण्याचे चार पैसे जास्त लागले, तर खळखळ करू नका. नवा भाग दुकानात विकत मिळतो. मेळ दुकानात मिळत नाही. तो कुणीतरी बसून, काटा स्थिर होईपर्यंत वाट पाहून, जमवावा लागतो.