ढगात शिरलेली सोळा विमानं

ऑगस्टात आभाळ दाटून आलं, की नवी पेठेतले दुकानदार बाहेर मांडलेला माल घाईघाईने आत घेतात, पण मनातून खूश असतात. पर्जन्यछायेतल्या सोलापूरला ढग हवाच असतो. मात्र हा ढग आतून कसा असतो?

ब्रिटिश हवाई दलाच्या ६१५व्या स्क्वॉड्रनला ते १० ऑगस्ट १९४४ रोजी कळलं. मणिपुरातल्या पालेलहून १६ स्पिटफायर विमानं कलकत्त्याजवळच्या बैगाचीकडे निघाली होती. लढाई नव्हती, फक्त तळ बदलायचा होता. वाटेत मान्सूनच्या वादळाने गाठलं आणि काही मिनिटांत ८ विमानं गेली. ४ वैमानिकांचा जीव गेला. त्यांत स्क्वॉड्रनचा प्रमुख, ऑस्ट्रेलियाचा डेव्हिड मॅकॉर्मॅकही होता. शत्रूने एक गोळीही झाडली नव्हती!

एवढी ताकद ढगात येते ती वाफेतून. एक लिटर पाण्याची वाफ थंड होऊन पुन्हा थेंब बनते, तेव्हा सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता सुटते. तेवढ्या उष्णतेत बर्फासारखं गार सहा लिटर पाणी उकळीला येईल. वादळी ढगात अशी लाखो लिटर पाण्याची वाफ थेंब बनते. तापलेली हवा उसळते आणि तिचा वेग ताशी १०० किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकतो. शेजारीच पावसाने गारठलेली हवा खाली कोसळत असते. साडेतीन टनांचं स्पिटफायर या दोहोंच्या कचाट्यात सापडलं, की उलटंपालटं होणारच.

त्यात वैमानिकाचा कानही दगा देतो. तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णाच्या नळ्यांत द्रव असतो. पाण्याचा तांब्या गोल फिरवला तर पाणी आधी मागे राहतं, मग तांब्याबरोबर फिरू लागतं. तसंच इथे होतं. विमान एकसारखं वळत राहिलं, की काही सेकंदांत वळण जाणवेनासं होतं. ढगात क्षितिज दिसत नाही, त्यामुळे गिरक्या घेत खाली चाललेल्या वैमानिकाला आपण सरळच उडतोय असं वाटतं. क्षितिज दाखवणारं यंत्र होतं, पण त्या काळी विमान फार कललं की त्यातलं वेगाने फिरणारं चाक, म्हणजे जायरोच, कोलमडायचं.

ढगाच्या पोटात काय चाललंय हे आधी कळायला हवं होतं. ते कळण्याची वाट दुसऱ्या महायुद्धातच सापडली. विमानं शोधणाऱ्या रडारवर पावसाचे ठिपके उमटत आणि चालकांना ते नकोसे वाटत. युद्धानंतर त्याच ठिपक्यांतून हवामानाचं रडार उभं राहिलं.

२०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सोलापुरावर ढगांत विमानं मुद्दाम नेली. पाऊस वाढवता येतो का, हे तपासायचं होतं. जमिनीवरचं रडार ढगांवर नजर ठेवून होतं. इतकी साधनं हाताशी असूनही वैमानिकांना आजही एकच धडा दिला जातो: तीव्र वादळी ढगापासून निदान तीस किलोमीटर लांब राहा.