कलनशास्त्र आणि वर्गाबाहेरचे तास

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात कलनशास्त्राचा तास सुरू होतो, तेव्हा अध्यापक आणि विद्यार्थी परस्परांविषयी अगदी निराळ्या अपेक्षा बाळगून समोरासमोर येतात. बारावीत अवकलन व समाकलन शिकलेल्या विद्यार्थ्याला वाटते की, सूत्रे पाठ आहेतच; आता उदाहरणे तेवढी अवघड येतील. अध्यापकाला मात्र त्या सूत्रामागील कारण हवे असते. अवकलज शून्य आला की फलनाचे कमाल वा किमान मूल्य सापडलेच, असे विद्यार्थी निःशंकपणे लिहितो. पण क्षच्या घनाचा अवकलज शून्यापाशी शून्य होतो आणि तेथे कमालही नसते, किमानही नसते, हे दाखविताच तो गोंधळतो. हा गोंधळ व्याख्यान ऐकून निवळत नाही. त्यासाठी स्वतः लेखणी झिजवावी लागते.

२०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने एका श्रेयांकासाठी अध्ययनाचे ३० तास धरले आहेत. म्हणजे चार श्रेयांकांच्या विषयाला १२० तास हवेत. व्याख्यानांचे ६० तास वजा केले, तर निम्मे अध्ययन वर्गाबाहेरच व्हावयाचे आहे. प्रत्यक्षात हे तास जातात कोठे? 'अपेक्षित' प्रश्नसंच पाठ करण्यात आणि एकाची वही अनेकांनी उतरवून काढण्यात! अंतर्गत गुण मग प्रसादासारखे वाटले जातात.

याचा सारा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकाला घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळते. शंभर वह्या तपासण्याचे श्रम कोणत्याच हिशेबात बसत नाहीत. तपासणी नाही म्हणून गृहपाठ नाही आणि गृहपाठ नाही म्हणून आकलन नाही, असे हे दुष्टचक्र आहे.

ते भेदण्याचा एक मार्ग अमेरिकेत सापडला. बर्कले येथे युरी ट्राइसमन यांनी १९७० च्या दशकात कलनशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले. तेव्हा असे आढळले की, मागे पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू असूनही एकेकटे अभ्यास करीत. यशस्वी होणारे चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढीत. ट्राइसमन यांनी दुर्बलांसाठी सोप्या शिकवण्या काढल्या नाहीत. गटाने बसून सोडवावयाची कठीण उदाहरणे दिली आणि निकाल सुधारला.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. आठवड्याला पाच उदाहरणे द्यावीत. त्यांपैकी एक 'का?' असे विचारणारे असावे. चर्चा गटात व्हावी, लेखन मात्र ज्याचे त्याने करावे. अध्यापकाने प्रत्येकाचे एकच उत्तर बारकाईने तपासावे, प्रामाणिक पण चुकलेल्या प्रयत्नालाही गुण द्यावेत आणि या तपासणीची गणना त्याच्या कार्यभारात व्हावी. तसे न झाल्यास कागदावरचे १२० तास कागदावरच राहतील आणि पदवीधर अवकलज काढील. पण तो कशासाठी काढला, हे त्याला सांगता येणार नाही.