श्वास मोजणारे मणी

तान्ह्या बाळाचा न्युमोनिया ओळखायला आधी हवी उघडी छाती आणि पुरतं एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतलं बाळ शांत असतानाही मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास घेत असेल, किंवा श्वासागणिक बरगड्यांखालची जागा खोल आत ओढली जात असेल, तर ती साधी सर्दी नव्हे. दवाखाना तातडीने गाठायला हवा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने श्वास मोजण्यासाठी साधं यंत्र केलं: मिनिटभराची वाळू आणि दर दहा श्वासांना सरकवायचा मणी. असे श्वास मोजून गावातल्या थोडं शिकलेल्या बाईने औषधही द्यावं का, ही शंका रास्तच. पण जिथे अशा बायका प्रशिक्षित आरोग्यदूत होत्या त्या ३९ गावांत, तुलनेच्या गावांच्या मानाने, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं. जंगलातून दवाखाना दूर असतो, बाळाची धाप थांबत नाही.