छंदाला हिशेबाची जोड
वाराणसीच्या मैदानावरील छायाचित्रण : एक पूरक व्यवसाय

काशी म्हटले की मराठी मनासमोर घाट, गंगास्नान आणि विश्वेश्वराचे दर्शन उभे राहते. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या वसलेली मराठी कुटुंबे हा आपल्या या नात्याचा जिवंत पुरावा होय. परंतु या नगरीला आणखी एक रूप आहे आणि ते पहाटे आखाड्याच्या मातीत दिसते. तेथे हातात कॅमेरा घेऊन उभा राहणारा हौशी छायाचित्रकार आपल्या छंदातून चार पैसे मिळवू शकेल का? शकेल, मात्र त्यासाठी कलेइतकाच हिशेबही जमला पाहिजे.

खेळांची नगरी

परंपरेनुसार गोस्वामी तुलसीदासांनी सुरू केलेला तुलसीघाटावरील आखाडा आजही नांदता आहे. नागपंचमीला शहरातील आखाड्यांत कुस्त्या होतात, जोडी-गदा फिरवण्याच्या स्पर्धा रंगतात. अलीकडच्या वर्षांत मुलीही मातीत उतरू लागल्या आहेत. हॉकीत तर या शहराने देशाला मोहम्मद शाहिद दिला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचा तो अविभाज्य भाग होता. त्याच मातीतील ललित उपाध्यायने टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाचा आनंद अनुभवला. सिगरा येथील क्रीडासंकुलाच्या नूतनीकरणातील पुढील टप्प्यांचे लोकार्पण २० ऑक्टोबर २०२४ रोजी झाले, तर गंजारी येथील क्रिकेट स्टेडियमची पायाभरणी २३ सप्टेंबर २०२३ रोजी झाली. खेळ वाढले की खेळाडू वाढतात आणि खेळाडूंबरोबर छायाचित्रांची गरजही वाढते.

चित्र कोणासाठी?

नामवंत खेळाडूंची छायाचित्रे घेण्यासाठी वृत्तसंस्थांचे अनुभवी प्रतिनिधी असतातच. उपेक्षित राहतो तो जिल्हा पातळीवरचा मुलगा किंवा मुलगी. अनेक वर्षे घाम गाळूनही आपला डाव टाकतानाचे एक चांगले छायाचित्र त्यांच्या घरात नसते. पालकांना ते भिंतीवर हवे असते, प्रशिक्षण केंद्राला प्रवेशपत्रकासाठी, शाळेला वार्षिकांकासाठी, तर खेळाडूला प्रायोजकाकडे अर्ज करताना. पूरक व्यवसायाचा खरा ग्राहक हाच होय. त्याला चित्र त्याच संध्याकाळी मोबाईलवर मिळाले, तर त्याचे मोल दुप्पट वाटते. आठवड्याने मिळालेल्या चित्राला ती गोडी राहत नाही.

साधने किती, कोणती?

नवशिक्याची मोठी चूक म्हणजे ग्राहक मिळण्यापूर्वीच महागडी लेन्स घेणे. हॉकीचे मैदान ९१.४ मीटर लांब असते. तेथे लांब पल्ल्याच्या लेन्सवाचून काम भागत नाही. आखाड्यात मात्र मल्ल आपल्यापासून काही मीटरवरच असतात. तेथे ५० किंवा ८५ मिलीमीटरची, एफ १.८ इतके मोठे छिद्र असलेली साधी लेन्स पुरते. ती तुलनेने स्वस्त असते आणि छपराखालच्या मंद प्रकाशातही साथ देते. कुस्तीत सेकंदाच्या १/५०० व्या भागापर्यंतचा शटरवेग बहुधा पुरेसा ठरतो. हॉकीला १/१००० किंवा त्याहून अधिक हवा. फ्लॅशने मल्लाचे लक्ष विचलित होऊ शकते, म्हणून तो टाळलेलाच बरा. थोडक्यात, आरंभ आखाड्यातून करावा आणि मिळकतीतून मैदानाकडे जावे.

तासाला किती पडते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, कॅमेरा व लेन्सवर १,२०,००० रुपये खर्च झाले आणि ही साधने चार वर्षे वापरली. म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये. विमा, दुरुस्ती, मेमरी कार्ड यांचे १२,००० धरू. वर्षातून ३० दिवस काम मिळाले, तर या ४२,००० रुपयांपैकी प्रत्येक दिवसावर १,४०० रुपयांचा भार येतो. प्रवास-चहापाण्याचे ४०० मिळवले की एका दिवसाचा खर्च १,८०० रुपये. आता आयोजकाने दिवसाचे २,५०० दिले, तर हाती ७०० रुपये उरतात. मैदानावर पाच तास आणि घरी संगणकावर सहा तास, असे अकरा तास मोजले तर ताशी ६४ रुपयेही पडत नाहीत!

हेच काम वेगळ्या रीतीने करून पाहू. त्याच स्पर्धेतील आठ संघांना प्रत्येकी १,२०० रुपयांत छायाचित्रांचा संच देऊ केला आणि चारच संघांनी तो घेतला, तरी ४,८०० रुपये जमतात व खर्च वजा जाता ३,००० उरतात. कष्ट जवळपास तेवढेच. फरक पडतो तो चित्र कोणाला विकले यामुळे.

भांडवल, नोंदणी आणि कर

व्यवसायाचे बचत खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवावे किंवा चालू खाते उघडावे. यूपीआयने आलेला प्रत्येक रुपया आपोआप नोंदला जातो आणि पुढे कर्ज मागताना हाच व्यवहारांचा इतिहास उपयोगी पडतो. उद्यम नोंदणी निःशुल्क असून आधार व पॅनच्या आधारे करता येते. प्रधानमंत्री मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि किशोर गटात त्यापुढे ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. मात्र हप्ता भरेल इतके नियमित काम हाती आल्यावरच ते घ्यावे. सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे वस्तू व सेवा कर नोंदणी लागत नाही. मिळकत आयकर विवरणपत्रात व्यवसायाचे उत्पन्न म्हणून दाखवावी. नोकरदारांनी, विशेषतः बँक कर्मचाऱ्यांनी, सेवानियमांनुसार आधी लेखी परवानगी घ्यावी.

हक्क कोणाचा?

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम १७ नुसार छायाचित्राचा पहिला मालक सामान्यतः छायाचित्रकार असतो. पण कोणी मोबदला देऊन ते काढवून घेतले असेल तर, वेगळा करार नसल्यास, मालकी त्या व्यक्तीकडे जाते. म्हणून एका पानाचा का होईना, लेखी करार करावा. अल्पवयीन खेळाडूंच्या बाबतीत पालकांची लेखी संमती आणि आखाड्याच्या प्रमुखांची परवानगी आधीच घ्यावी. आखाडा ही श्रद्धेची जागा आहे. तेथील शिस्त पाळणारालाच पुन्हा बोलावणे येते.

छंद हा छंदच राहावा, त्याने घरच्या बचतीला हात लावू नये, यातच त्याचे सौख्य आहे. आधी ग्राहक, मग लेन्स आणि शेवटी कर्ज, हा क्रम पाळला तर कॅमेरा स्वतःचा खर्च स्वतः सोसू लागेल, आणि एखाद्या सामान्य मल्लाच्या घरी त्याच्या कष्टांचे चित्र भिंतीवर लागेल.