अल्कोहोलच्या थेंबात सापडल्या तीन रेषा!

एमआरआयच्या बोगद्यात निपचित पडून राहायचं आणि ठकठक आवाज ऐकायचा... रायपूर असो की मुंबई, आज कुणाच्या ना कुणाच्या घरी हा अनुभव आलेला असतोच. पण या यंत्रामागच्या शास्त्राला भारतीयांचाही हातभार लागलाय, हे किती जणांना ठाऊक असेल?

आपल्या शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. त्याचं अणुकेंद्र म्हणजे जणू इवलासा चुंबकी भोवरा. एमआरआयचा दीड टेस्लाचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजारपट जोरदार. त्यात हे भोवरे सेकंदाला जवळपास ६ कोटी ४० लाख वेळा डोलतात. त्याच लयीच्या रेडिओलहरी सोडल्या की ते प्रतिसाद देतात. हाच चुंबकीय अनुनाद!

१९५१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अरनॉल्ड, पॅकार्ड आणि डॉ. एस. एस. धर्मट्टी या तिघांनी साधं इथाइल अल्कोहोल चुंबकात ठेवलं. त्याच्या रेणूत हायड्रोजनचे सहा अणू. त्यांचा सूर एकच निघायला हवा ना? छे! उमटल्या तीन वेगळ्या रेषा, तीनास दोनास एक या प्रमाणात. अणूचा शेजारी बदलला की सूर बदलतो! रेणूची रचना ओळखायची किल्लीच रसायनशास्त्राच्या हाती आली.

ज्यांच्या प्रयोगशाळेत हे घडलं, त्या फेलिक्स ब्लॉख यांना १९५२ साली नोबेल मिळालं. धर्मट्टी मात्र मायदेशी परतले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विषयाचा पाया घातला, माणसं घडवली. त्यांच्या तालमीतले सी. एल. खेत्रपाल यांनी पुढे लखनौला वैद्यकीय चुंबकीय अनुनादाचं केंद्र उभारलं.

दुसरं नाव अनिल कुमार यांचं. १९७५ साली झुरिचमध्ये वेल्टी आणि रिचर्ड अर्न्स्ट यांच्याबरोबर त्यांनी या संकेतांपासून चित्र घडवण्याची गणिती रीत मांडली. आजचा एमआरआय त्याच वाटेनं चालतो. अर्न्स्ट यांना १९९१ साली नोबेल मिळालं.

आता पुढचं पाऊल आहे हिऱ्याचं! हिऱ्यात कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू आणि शेजारी एक रिकामी जागा असली, की हिरव्या प्रकाशात ती लाल चमकते. जवळच्या चुंबकत्वानुसार ही चमक बदलते, तीही नेहमीच्या तापमानात. अशा क्वांटम संवेदकांसाठी २०२३ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम अभियानात मुंबईच्या आयआयटीकडे प्रमुख केंद्र सोपवलं गेलं. पुण्याच्या आयसरमध्येही चुंबकीय अनुनादातून क्वांटम संशोधन चालतं.

धर्मट्टींनी मुंबईत लावलेल्या रोपट्याला अशी नवी पालवी फुटते आहे. रायपूरच्या एखाद्या शाळेत चुंबकाशी खेळणाऱ्या मुला-मुलींनी हे नाव जरूर लक्षात ठेवावं!